नव्या गृहप्रकल्पात मुले खेळणार कुठे? बाग, मैदान आणि पायवाटांची गरज तपासण्याची पद्धत

एकरभर जमिनीवर चार मजली इमारती उभ्या राहोत की बावीस मजली, रहिवाशांसाठी सोडायची मोकळी जागा तेवढीच राहते. मुंबई आणि आणखी काही मोजकी क्षेत्रे वगळता महाराष्ट्रात डिसेंबर २०२० पासून एकात्मिक विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. कचेरीत तिला सगळे ‘यूडीसीपीआर’ म्हणतात. जमीन ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठी असेल, तर तिच्यानुसार १० टक्के जागा मनोरंजनासाठी मोकळी ठेवावी लागते. ही टक्केवारी जमिनीची आहे. त्या जागेवर किती पोरे खेळणार, किती आजोबा फेऱ्या मारणार, याची मोजदाद तिच्यात नाही. वर मजले चढत जातात तशी खाली माणशी जमीन आकसते, आणि नकाशा तरीही नियमात चोख बसलेला असतो.

म्हणून नियम तपासणे हे एक काम आणि गरज तपासणे हे दुसरे. पहिले काम संगणकावर तासाभरात होते. दुसऱ्यासाठी चपला झिजवाव्या लागतात. हा लेख दुसऱ्या कामाबद्दल आहे. आर्किटेक्टच्या कार्यालयात नुकतेच लागलेले, नगररचना खात्यात नवे रुजू झालेले, किंवा शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर अचानक पत्रे आणि फलक लागलेले बघून अस्वस्थ झालेले रहिवासी, अशा सगळ्यांना तो वापरता यावा. उदाहरणे पुणे आणि आसपासची आहेत, कारण माझी पायपीट बहुतेक तिथलीच.

आधी कागद

इथे फार वेळ घालवू नका, पण कागद हातात नसताना जागेवरही जाऊ नका. लागतात ते हे: प्रस्तावित ले-आउटचा नकाशा, मंजूर विकास आराखड्याचा म्हणजे डीपीचा त्या भागातला तुकडा, सातबारा, मोजणी नकाशा आणि जुना गाव नकाशा. प्रकल्प महारेराकडे, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, नोंदलेला असेल तर मंजूर नकाशे आणि टप्प्यांची माहिती त्या संकेतस्थळावरच मिळते. बांधकाम २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त असेल तर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरी लागते, आणि त्या अर्जासोबतची कागदपत्रे केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर बघता येतात. झाडे, पाणी, लोकसंख्या यांचे विकासकाने स्वतः दिलेले आकडे तिथे असतात. तेच आकडे महारेराच्या नकाशाशी ताडून बघा. कधी कधी करमणूक होते.

कुठलाच कागद हाती लागत नसेल तर माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज आहेच. उत्तराला तीस दिवस धरून चाला.

माणसे मोजा

एक काल्पनिक प्रकल्प घेऊ. एकूण जमीन ३२,००० चौरस मीटर. त्यातले २,००० डीपी रस्त्यात जातात, उरले ३०,०००. सदनिका ६४०.

मोकळी जागा १० टक्के, म्हणजे ३,००० चौरस मीटर. माणसे किती? पाण्याच्या हिशेबात सल्लागार बहुधा सदनिकेमागे पाच माणसे धरतात. मी साडेचार धरतो, म्हणजे कोणी फुगवल्याचा आरोप करत नाही. ६४० गुणिले साडेचार, २,८८० माणसे. माणशी मोकळी जागा एक चौरस मीटरच्या किंचित वर. एक चौरस मीटर म्हणजे एका माणसाने चटई टाकून नीट पाय पसरले तर संपणारी जागा.

आता हा आकडा कशाशी ताडायचा? केंद्र सरकारच्या २०१४ च्या नगरनियोजन मार्गदर्शक तत्त्वांत शहरासाठी माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळ्या जागेची शिफारस आहे. नवखे लोक इथे उत्साहाच्या भरात चूक करतात. २,८८० ला दहाने गुणतात, २८,८०० चौरस मीटर काढतात आणि ‘अख्खा प्लॉट बाग करावा लागेल’ असे लिहून टाकतात. समोरचा माणूस हसून अहवाल बाजूला ठेवतो. तो १०-१२ चा आकडा पूर्ण शहराचा आहे. मोठी उद्याने, क्रीडासंकुले, सगळे त्यात येते. एका प्रकल्पाने ते सारे पोटात घ्यावे अशी अपेक्षा नाही.

त्याच तत्त्वांत खालच्या पायऱ्याही दिल्या आहेत, त्या कामाच्या. ५,००० लोकवस्तीला अर्ध्या हेक्टरची बाग. तेवढ्याच वस्तीला अर्ध्या हेक्टरची खेळाची जागा, वेगळी. त्याच्या वर साधारण १०,००० ते १५,००० लोकांमागे एक हेक्टरचे उद्यान, मग लाखाला पाच हेक्टरचे, असे चढत जाते. सर्वांत खालची पायरी घराजवळच हवी, कारण तिचे गिऱ्हाईक स्वतः रस्ता ओलांडू शकत नाही. आपल्या प्रकल्पाला लावा: बागेला २,८८० आणि खेळाला २,८८०, मिळून ५,७६० चौरस मीटर. हातात ३,०००. तूट २,७६०. हा आकडा कोणी हसून बाजूला ठेवत नाही.

मग माणसे वयाने फोडा. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात शून्य ते सहा वयाची मुले सुमारे १२ टक्के आणि साठीपुढची माणसे सुमारे १० टक्के होती. आपल्या प्रकल्पात ती अनुक्रमे ३४५ आणि २८५ च्या आसपास येतील. आकडे जुने आहेत, शिवाय नव्या वसाहतीत तरुण जोडपी जास्त असतात, म्हणून सुरुवातीची काही वर्षे लहान मुले याहून अधिकच धरा. दहा वर्षांनी तीच मुले क्रिकेटची बॅट घेऊन उभी राहतील आणि घसरगुंडीला कोणी विचारणार नाही. एकाच जागेचा वापर असा बदलत जातो, हे अहवालात एका ओळीत का होईना लिहा.

घरकामाला येणाऱ्या बायका, वॉचमन, ड्रायव्हर आणि बांधकामावरची कुटुंबे या हिशेबात कधीच नसतात. बांधकाम पाच वर्षे चालते. त्या पाच वर्षांत मजुरांची मुले वाळूच्या ढिगावर खेळतात.

नकाशावरचा हिरवा रंग खरवडा

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. ले-आउटवर हिरवा रंग स्वस्त असतो. तो काढल्यावर खाली काय राहते ते बघायचे.

पहिले म्हणजे आकार. नियमानुसार मोकळ्या जागेची रुंदी कुठेही साडेसात मीटरपेक्षा कमी नको, सरासरी रुंदी २४ मीटरपेक्षा कमी असेल तर लांबी रुंदीच्या अडीच पटीपुढे जायला नको, आणि जागा तुकड्यांत दिली तरी एक तुकडा २०० चौरस मीटरपेक्षा लहान नको. नियमात अधूनमधून दुरुस्त्या होतात, म्हणून अंतिम आकडा घालण्यापूर्वी चालू प्रत उघडून बघा. पण नियमात बसणारा तुकडा खेळात बसेलच असे नाही. दुहेरी बॅडमिंटनचे कोर्ट १३.४ बाय ६.१ मीटर. बाजूला धावायला, पडायला जागा धरली की रुंदी दहा मीटरवर जाते. कबड्डीचे मोठ्यांचे मैदान १३ बाय १० मीटर. साडेसात मीटरच्या पट्टीत दोन्ही बसत नाहीत. तिथे होतो जॉगिंग ट्रॅक, आणि दोन बाकडी. मी ट्रेसिंग कागदावर ही मैदाने प्रमाणात कापून ठेवली आहेत, नकाशावर सरकवून बघतो. पोरखेळ वाटतो, पण बैठकीत दहा मिनिटांच्या बोलण्याचे काम तो कागद करतो.

दुसरे, तळ. ही जागा जमिनीवर आहे की पार्किंगच्या छतावर? पोडियमवरच्या बागेत हिरवळ येते, शोभेची झुडपे येतात, वड येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईच्या तेव्हाच्या नियमांबद्दलच्या एका प्रकरणात स्पष्ट केले होते की सक्तीचे मनोरंजन मैदान जमिनीवरच हवे, पोडियमवरचे त्याच्या बदली चालणार नाही. तुमच्या शहराच्या नियमात काय लिहिले आहे ते वेगळे वाचा, पण अहवालात जमिनीवरचे आणि पोडियमवरचे क्षेत्र दोन वेगळ्या रकान्यांत मांडा. बेरीज नको.

तिसरे, पोटात काय दडले आहे. हिरव्या चौकोनाखाली पाण्याची टाकी आहे का? सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणा आहे का? तिचे वायुवीजनाचे नळ बाकड्यामागे उघडत असतील तर तिथे संध्याकाळी कोण बसेल? ट्रान्सफॉर्मर कुठे? अग्निशमन गाडीचा मार्ग ‘ग्रास पेव्हर’, म्हणजे भोकांतून गवत उगवणाऱ्या फरशा, लावून हिरवा केलेला असतो. तो रस्ताच आहे, तो वजा करा. इमारतीभोवतीची सामासिक अंतरे, म्हणजे इमारत आणि हद्द यांमध्ये सोडावीच लागणारी जागा, तीही वजा करा. क्लबहाउसचे बांधकाम मोकळ्या जागेच्या १५ टक्क्यांपर्यंत, तळमजल्यावर १० टक्क्यांपर्यंत करता येते. तेवढे गेले असे धरूनच पुढचा हिशेब मांडा, कारण ते सहसा जातेच.

चौथे, पाणी आणि उतार. नदी-ओढ्यालगतच्या प्रकल्पात मोकळी जागा हमखास निळ्या पूररेषेच्या आत ढकललेली दिसते. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी. तिच्या आत इमारत बांधता येत नाही, बाग-मैदान चालते. गैर काही नाही. पण पावसाळ्यात ते मैदान किती दिवस चिखलात राहील, आणि पूर ओसरल्यावर गाळ कोण काढणार, हे विचारा. डोंगरालगत उलटी तऱ्हा. १:५ पेक्षा तीव्र उतारावर बांधकामाला मनाई असते, म्हणून तो उतार हिरवा रंगवून दहा टक्क्यांत धरलेला दिसतो. त्यावर चेंडू टाकला की तो परत आणायला पोराला खालच्या सोसायटीत जावे लागते. समपातळी रेषा असलेला नकाशा मागा. तो मिळेपर्यंत त्या क्षेत्रासमोर प्रश्नचिन्ह ठेवा.

पाचवे, सुविधा क्षेत्र. दोन हेक्टरपुढच्या जमिनीत हे वेगळे पाच टक्के सोडावे लागते, आणि माहितीपत्रकात ते बागेसारखे रंगवलेले असते. तिथे बाग होऊ शकते, तशीच शाळा, दवाखाना किंवा वाहनतळही होऊ शकतो. काय होणार हे लेखी ठरेपर्यंत ते बागेत मोजू नका.

शेवटी टप्पे. पाच इमारती, तीन टप्पे, आणि मैदान तिसऱ्या टप्प्याच्या पोटात. म्हणजे पहिल्या इमारतीत तीन वर्षांचे आलेले मूल शाळेची मधली वर्षे ओलांडेपर्यंत मैदानाच्या जागी सळ्यांचा साठा बघणार. मैदान पहिल्या टप्प्याच्या भोगवटा प्रमाणपत्राआधी तयार व्हावे, एवढी एकच शिफारस मान्य झाली तरी मी तो अहवाल यशस्वी समजतो.

शेजारी काय आहे ते चालून बघा

तूट निघाली की समोरून उत्तर येते: ‘जवळच पालिकेची बाग आहे की.’ असेलही. त्यासाठी दोन अंतरे धरा. लहान मुले आणि वृद्ध यांच्यासाठी ४०० मीटर, म्हणजे पाचेक मिनिटे. बाकीच्यांसाठी ८०० मीटर. अंतर फाटकापासून फाटकापर्यंत, पायाने मोजायचे.

सुरुवातीच्या वर्षांत मी एका अहवालात लिहून बसलो होतो, ‘उद्यान ३०० मीटरवर उपलब्ध.’ नकाशावर वर्तुळ काढले होते, उद्यान त्याच्या आत होते. बैठकीत मागच्या रांगेतल्या एक आजी उठून म्हणाल्या, ‘अहो, मध्ये ओढा आहे. पूल कुठाय?’ पूल मुख्य रस्त्यावर होता. वळसा घालून ते अंतर सव्वा किलोमीटर भरले. तेव्हापासून वर्तुळ काढतो, पण पेन्सिलीने.

वाटेत काय आडवे येते ते लिहा: महामार्ग, रेल्वे, संरक्षण खात्याची भिंत, दुसऱ्या सोसायटीचे बंद फाटक, भटक्या कुत्र्यांचा चौक. हो, कुत्र्यांचाही. सहा पदरी रस्ता सिग्नलशिवाय ओलांडावा लागत असेल तर पलीकडची बाग मुलांसाठी नाहीच असे धरा. पदपथ आहे का, आणि त्यावर चालायला मोकळी रुंदी किती? भारतीय रस्ते काँग्रेसच्या २०१२ च्या पादचारी मार्गदर्शिकेत किमान १.८ मीटर सांगितली आहे. टेप लावून मोजा. फलक, झाडाचे आळे आणि वडापावची गाडी वजा केल्यावर उरते ती रुंदी. चाकाच्या खुर्चीसाठी उताराची चढण १:१२ हून तीव्र नको, आणि बागेच्या फाटकाला फिरता लोखंडी अडसर असेल तर खुर्ची आणि बाबागाडी दोन्ही बाहेरच थांबतात.

बाग सापडली की तिची वेळ बघा. पुण्यातल्या अनेक बागा दुपारी बंद असतात. दुपारीच मोकळ्या होणाऱ्या बायकांसाठी ती बाग भिंतीवरच्या चित्रासारखी. आणि ती आधीच किती भरलेली आहे? झोपाळ्यापुढे रांग असलेल्या बागेत आणखी साडेतीनशे मुले पाठवणे म्हणजे जागा उपलब्ध असणे नव्हे.

डीपीवर दाखवलेल्या पण न झालेल्या बागा वेगळ्या यादीत टाका. आरक्षण म्हणजे बाग नाही. आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादन झाली नाही तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ खाली मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत पावले उचलली नाहीत तर आरक्षण गळून पडते. म्हणून विचारायचे ते हे: आराखडा कधीचा, जमीन कोणाच्या ताब्यात, नोटीस आली आहे का. पुणे महापालिकेच्या हद्दीत २०१७ आणि २०२१ मध्ये आलेल्या गावांत तर इमारती आधी आणि आराखडा मागून अशीच गत आहे. तिथे ‘भविष्यातील उद्यान’ हे शब्द दिसले की मी वही मिटतो.

पायवाटा

हा भाग बहुतेक अहवालांत नसतोच. मला मात्र तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कदाचित टेकडीच्या पायथ्याशी राहतो म्हणून असेल.

मैदान नव्याने करता येते. पिढ्यान्‌पिढ्या रुळलेली वाट एकदा कुंपणाने तुटली की परत मिळत नाही. पुण्यात वेताळ टेकडी, पाषाणची टेकडी, तळजाई, पर्वती यांवर रोज सकाळी जाणारी माणसे फाटकातून कमी आणि कुठल्यातरी बोळातून, मोकळ्या प्लॉटमधून जास्त जातात. त्या प्लॉटवर प्रकल्प आला, भिंत बांधली, की टेकडी तिथेच राहते आणि तिच्याकडे जाणारा रस्ता संपतो. पुण्यात १९९७ मध्ये समाविष्ट झालेल्या गावांतल्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचे आरक्षण आहे. पण आरक्षण टेकडीला असते, तिच्याकडे नेणाऱ्या बोळाला नसते.

शोधायचे कसे? आधी जुना गाव नकाशा घ्या. त्यात एकेरी तुटक रेषा म्हणजे पायमार्ग, रुंदी सव्वाआठ फूट. दुहेरी तुटक रेषा म्हणजे गाडीमार्ग, साडेसोळा ते एकवीस फूट. शिवाय दोन गावांच्या हद्दीवरचा शिवरस्ता आणि शेतांमधली पाणंद. या रेषा ले-आउटवर आल्या आहेत का ते बघा. अनेकदा सीमाभिंत सरळ त्यांच्यावरून गेलेली असते. नकाशावरचा रस्ता अडवला असेल तर तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ त्यासाठीच आहे, आणि एकशेवीस वर्षांचा होत आला तरी कामाचा आहे.

मग उपग्रहाचे चित्र. पावसाळा संपल्यावरचे, ऑक्टोबरचे शोधा. हिरव्या गवतातून पायाने झिजलेली वाट भांगासारखी उठून दिसते. जुनी चित्रे लावून बघितली की ती वाट किती वर्षांची तेही कळते.

मग सकाळी साडेपाचला तिथे जाऊन उभे राहा. फक्त मोजू नका, बोला. फिरायला येणारे काका वेगळे, शाळेला जाणारी मुले वेगळी, शेळ्या घेऊन जाणारा वेगळा, देवळात जाणाऱ्या बायका वेगळ्या. प्रत्येकाचा वाटेवरचा हक्क वेगळ्या तऱ्हेचा आहे आणि पर्यायी वाट एकाला सोसते, दुसऱ्याला सोसत नाही. शेळ्यांना पायऱ्या चालतात. सायकलवरून दूध आणणाऱ्याला नाही.

शिफारस लहान ठेवा. वाट सरकवली तरी चालेल, तुटू नये. तीन मीटरचा पट्टा, दोन्ही टोकांना उघडा, भिंतीऐवजी आरपार दिसेल असे कुंपण आणि रात्री दिवा. दोन उंच भिंतींमधली बोळकंडी देऊ नका. अंधार पडल्यावर तिथून एकटी बाई जाणार नाही. आणि टेकडीवरच्या वाटेला पेव्हर ब्लॉक सुचवू नका, कृपा करून. दगड-मुरुमाची वाट, पाणी वाहून नेणारे आडवे चर, एवढे पुरे.

प्रकल्पाच्या आतल्या जॉगिंग ट्रॅकबद्दल दोनच गोष्टी. फेरी किती मीटरची ते मोजा. १२० मीटरच्या फेरीत तीन किलोमीटर चालायला पंचवीस वेळा गरगरावे लागते. आणि ट्रॅक पार्किंगच्या उताराला किती ठिकाणी छेदतो ते मोजा. दोनपेक्षा जास्त असेल तर त्याला ट्रॅक म्हणू नका.

सहा ते आठ

गरज विचारून कळत नाही. ‘तुम्हाला काय हवे?’ विचारले की सगळे ‘स्विमिंग पूल’ म्हणतात. आसपासच्या, पाच-सात वर्षे जुन्या सोसायट्यांत जा आणि असे विचारा: ‘काल संध्याकाळी घरातले कोण कुठे गेले होते?’ कालचे सांगताना माणूस स्वप्न सांगत नाही.

मग नुसते बसून बघा. एक साधा दिवस, एक रविवार. सकाळी सहा ते साडेसात, दुपारी चार ते पाच, संध्याकाळी सहा ते आठ. दर पंधरा मिनिटांनी वहीत खुणा करा: लहान मुले, मोठी मुले, मोठ्या मुली, बायका, पुरुष, म्हातारी माणसे. बसलेली किती, चालणारी किती, खेळणारी किती. ‘मोठ्या मुली’ हा रकाना मुद्दाम वेगळा ठेवा. बाराव्या-तेराव्या वर्षानंतर तो झपाट्याने रिकामा होतो. मुलगे क्रिकेटने सगळे मैदान व्यापतात आणि मुली कडेच्या बाकड्यावर बसतात, किंवा येतच नाहीत. अशा ठिकाणी मोठ्या मैदानापेक्षा बॅडमिंटन किंवा थ्रोबॉलचे एक कोर्ट, उजेडात, येण्याजाण्याच्या वाटेवर, जास्त उपयोगी पडते.

पार्किंगमध्ये कोण खेळते आहे तेही मोजा. गाड्यांच्या मधोमध स्टंप म्हणून वीट उभी केलेली दिसली की त्या भागाची तूट तुम्हाला दिसली.

वर्षाच्या वेळापत्रकाचाही विचार करा. गणपतीचा मांडव, नवरात्रातला भोंडला आणि गरबा, लग्नाचा शामियाना, सगळे त्याच मैदानावर येणार. ती सगळी मोकळ्या जागेचीच गरज आहे, अतिक्रमण नव्हे. पण एकच सपाट जागा असेल तर वर्षातले बरेच दिवस खेळ बंद. मांडवासाठी फरसबंदीचा चौक वेगळा सुचवा, म्हणजे मैदानात खांबाचे खड्डे पडत नाहीत.

झाडे आणि पाणी

जागेवरच्या प्रत्येक झाडाची जात, घेर आणि जागा लिहा. पन्नास वर्षांहून जुने झाड कायद्याने आता वारसा वृक्ष ठरते. असे झाड असेल तर मोकळी जागा त्याच्याभोवती आखावी, झाड उचलून जागेकडे नेऊ नये. एक जुना वड मिळाला तर कट्टा, सावली आणि म्हाताऱ्यांचा क्लब एकदम मिळतो. नवी लावताना बहावा, ताम्हण, करंज, कडुनिंब. सप्तपर्णीच्या रांगा नकोत, ती फुलली की खिडक्या बंद करणारी माणसे मला भेटली आहेत.

हिरवळीला एप्रिल-मे महिन्यांत पाणी कुठून येणार ते विचारा. उत्तर ‘टँकर’ असेल तर हिरवळ कमी करून मातीचे मैदान वाढवा. मुलांची तक्रार येणार नाही.

मांडणी

अहवाल आठ पानांपेक्षा मोठा झाला की वाचला जात नाही. पहिल्या पानावर एक नकाशा आणि एक तक्ता. तक्त्यात चारच रकाने: गरज, प्रकल्पात मिळणारे, ४०० मीटरमध्ये खरोखर पोचता येणारे, आणि तूट. आपल्या उदाहरणात प्रकल्पातल्या ३,००० मधून अग्निशमन मार्ग आणि क्लबहाउस वजा होऊन समजा २,४०० राहिले, आणि शेजारच्या बागेतला वाटा शून्य निघाला, तर तूट ३,३६० होते. वजाबाकी उघड दाखवा. समोरच्याने ती खोडून काढायची म्हटली तरी त्याला तुमच्याच पायऱ्यांनी चढावे लागते.

शिफारशी तीन, फार तर चार. प्रत्येकीत काय, कुठे, कोणत्या टप्प्याआधी, खर्च कोणाचा आणि पुढची देखभाल कोणाची. देखभालीची ओळ रिकामी असेल तर ती शिफारस काढून टाका. उघड्यावरच्या व्यायामयंत्रांचे गंजलेले सांगाडे सगळ्या शहरांत उभे आहेत, त्यांत भर नको.

रहिवासी म्हणून लिहीत असाल तर एक अडचण माहीत असू द्या. गृहप्रकल्पाच्या पर्यावरण मंजुरीत जनसुनावणी होत नाही, आणि बांधकाम परवानगीतही नाही. विकास आराखड्याचा मसुदा जाहीर झाला की मात्र हरकती-सूचनांसाठी ठरावीक मुदत मिळते, ती चुकवू नका. एरवी नगररचना विभागाला लेखी निवेदन द्या, सोबत तक्ता आणि छायाचित्रे जोडा, आणि आवक शिक्का घेतलेली प्रत जपून ठेवा. सदनिका घेतलेल्यांच्या हातात आणखी एक गोष्ट आहे: रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे मंजूर ले-आउट किंवा सामाईक जागा बदलायच्या तर दोन-तृतीयांश खरेदीदारांची लेखी संमती लागते. मैदान सरकवण्याचा सुधारित नकाशा आला की प्रत्येकाकडे सहीला कागद येतो. सही करण्याआधी जुना आणि नवा नकाशा एकमेकांवर धरून उजेडात बघा.

अहवाल उन्हाळ्यात केला असेल तर जुलैत एकदा छत्री घेऊन परत जा. पाणी कुठे साचते, वाट कुठून वळसा घेते, ओढा कुठवर येतो, याचे तारीख टाकलेले फोटो काढा आणि पुरवणी म्हणून जोडा. मैदानासाठी दाखवलेल्या कोपऱ्यात त्या दिवशी बेडूक ओरडत असतील, तर तेही लिहा.